घटस्फोटांचा आकडा आणि मुलांची खावटी

दर काही महिन्यांनी एखाद्या वृत्तपत्रात घटस्फोटांचे प्रमाण वाढल्याची बातमी येते. तिच्यात कोणत्या तरी शहराच्या कुटुंब न्यायालयात दाखल झालेल्या अर्जांची संख्या असते, एखाद्या वकिलाचे मत असते आणि शेवटी मोबाइल, मुलींच्या नोकऱ्या किंवा नव्या पिढीची कमी झालेली सहनशीलता यांपैकी कशावर तरी खापर फोडलेले असते. दाखल झालेला अर्ज म्हणजे झालेला घटस्फोट नव्हे, हे त्या बातमीत क्वचितच सांगितले जाते. एकाच जोडप्याचा घटस्फोटाचा एक अर्ज, नांदायला येण्याविषयीचा दुसरा, पोटगीचा तिसरा आणि मुलाच्या ताब्याचा चौथा असे चार अर्ज एकाच वर्षात दाखल होऊ शकतात. त्यांची बेरीज करून समाज कुठे चालला आहे हे ठरवणे मला फारसे पटत नाही. माध्यमिक शाळेत शिकवत असल्यामुळे माझा या विषयाशी संबंध वेगळ्या बाजूने येतो. विभक्त पालकांची मुले माझ्या वर्गात असतात, आणि त्यांच्याकडे पाहताना घटस्फोट किती झाले यापेक्षा या मुलांसाठी न्यायालयाने ठरवून दिलेले पैसे, म्हणजे खावटी, आणि भेटी त्यांच्यापर्यंत खरोखर पोहोचतात का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याची बातमी मात्र होत नाही.

आधी आकड्यांबद्दल. आपल्या देशात घटस्फोटांची राष्ट्रीय नोंदवही नाही. विवाहाची नोंदणी होते, जन्म-मृत्यूची होते. घटस्फोटाचा हुकूमनामा मात्र त्या त्या न्यायालयाच्या दप्तरात राहतो. त्यामुळे देशभराचे चित्र पाहण्यासाठी जनगणनेकडे वळावे लागते, आणि हाती असलेली शेवटची जनगणना २०११ ची आहे. त्या जनगणनेत सुमारे १३.६ लाख लोकांनी आपली वैवाहिक स्थिती घटस्फोटित अशी सांगितली. विवाह झालेल्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ०.२४ टक्के, म्हणजे हजारी दोन-तीन माणसे. 'विभक्त', म्हणजे घटस्फोट न घेता वेगळे राहणारे, असे सांगणाऱ्यांची संख्या याच्या जवळजवळ तिप्पट होती. दोन्ही गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आहेत, आणि याचे एक साधे कारण असे की पुरुष लवकर दुसरे लग्न करतात व मग 'विवाहित' या रकान्यात परत जातात. मिझोराममध्ये हेच घटस्फोटितांचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर होते. तेथील लोक अधिक भांडखोर आहेत असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. तेथे घटस्फोट घेणे आणि तो मोकळेपणाने सांगणे दोन्ही सोपे आहे, एवढेच.

विभक्तांची ती तिप्पट संख्या महाराष्ट्राला नवी नाही. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड आणि पाट (दुसरे लग्न) या रीती जुन्या आहेत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये घटस्फोटाला कायद्याचे रूप दिले. गोव्यात पोर्तुगालचा १९१० चा घटस्फोट कायदा लागू झाला. मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये केला, म्हणजे देशाच्या हिंदू विवाह कायद्याच्या आठ वर्षे आधी. तरीही कागदावर लग्न कायम ठेवून बायकोला माहेरी धाडून देण्याचा प्रकार सर्रास चालत राहिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगमनेर परिसरातून परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, ती याच स्त्रियांच्या प्रश्नावर. या स्त्रियांच्या मुलांचा ताबा कोणी मागितला नव्हता आणि खावटी कोणी ठरवली नव्हती. न्यायालयात एकही अर्ज नसल्यामुळे घटस्फोट वाढल्याच्या बातमीतही ही कुटुंबे दिसत नाहीत. म्हणूनच अर्जांची संख्या वाढली तर ते सरसकट वाईट लक्षण मानायला मी तयार नाही. पूर्वी टाकलेल्या बाईने मुलांना घेऊन भावाच्या घरी दिवस काढले असते. आज ती निदान खावटीचा अर्ज करते.

ताब्याचा कायदा गेल्या काही दशकांत जितका बदलला, त्यातला बराचसा बदल न्यायालयांच्या निकालांतून झाला. १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. हिंदूंसाठी त्याच्या जोडीला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे, आणि त्याच्या कलम ६ प्रमाणे मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. त्याच कलमात पुढे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असेही म्हटले आहे. म्हणजे मूल वाढवायचे आईने आणि सही करायची बापाने, अशी ती रचना. मुलाच्या नावावर रोखे घेताना आईची सही चालत नाही असे सांगितले गेल्यामुळे लेखिका गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९९ च्या निकालाने बाप हयात असतानाही, तो मुलाकडे लक्ष देत नसेल तर, आई नैसर्गिक पालक ठरू शकते असे मान्य झाले. कलमाचा मजकूर मात्र अजून तोच आहे. बँकेत, शाळेत आणि पारपत्र कार्यालयात निकालाची प्रत कोणी वाचत नाही, समोरचा नमुना वाचला जातो. त्यामुळे २०१६ च्या अखेरीस पारपत्रासाठी एकाच पालकाचे नाव पुरेसे ठरवणारा नियम आला किंवा महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव सक्तीचे केले, हे बदल मला निकालांइतकेच मोलाचे वाटतात.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत आईकडे झुकणारा दृष्टिकोन आजही ठाम आहे. २०१५ मध्ये गोव्यातील एका खटल्यात उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूल पाच वर्षांखालील असेल तर आई कशी अयोग्य आहे हे बापाने सिद्ध करायचे असते, आईने आपली लायकी सिद्ध करायची नसते. मूल मोठे झाल्यावर मात्र कोणाचा हक्क मोठा हा प्रश्न मागे पडतो आणि मुलाचे हित हा एकच निकष उरतो. मूल समंजसपणे पसंती सांगण्याच्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या चेंबरमध्ये बोलावून आई-वडिलांच्या गैरहजेरीत त्याच्याशी बोलतात. ही पद्धत चांगली आहे. पण ज्या मुलाला महिनोन्महिने एका पालकाविरुद्ध पढवले गेले आहे, त्याची पसंती कितपत त्याची, हा प्रश्न उरतोच, आणि २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही अशा पढवण्याची दखल घेतली आहे.

अलीकडचा कल दोन्ही पालकांशी संबंध टिकवण्याकडे आहे. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये दिलेल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात करावी अशी शिफारस केली. संसदेने अजून तसा कायदा केलेला नाही. तरी न्यायालये आपल्या आदेशांतून त्या दिशेने सरकत आहेत. जानेवारी २०२० मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला पुरेशा भेटी मिळाल्या पाहिजेत, आणि तो दूर राहत असेल तर व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलण्याची सोय हवी. पुढच्या दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि ही सोय अनेक घरांत एकमेव भेट होऊन बसली. नेहमीचा आदेश आता साधारण असा असतो: ताबा आईकडे, एका आड एक शनिवार-रविवार वडिलांकडे, दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, वाढदिवशी काही तास. कागदावर हा आदेश नीटनेटका दिसतो. प्रत्यक्षात शनिवारी सराव परीक्षा असते, रविवारी मावसभावाची मुंज असते, मुलाला ताप असतो किंवा असल्याचे सांगितले जाते. संबंध फारच ताणलेले असतील तर भेट न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत होते, जिथे आई बाहेर बाकावर बसते आणि बाप आत आणलेली खेळणी काढतो. दोन तासांत मुलाने बापाशी मोकळे व्हावे ही त्या खोलीची अपेक्षा आहे.

शाळेपर्यंत या आदेशांचे काय पोहोचते हे मी पाहते. दोघे पालक स्वतंत्रपणे प्रगतिपुस्तकाची प्रत मागतात. शाळा सुटल्यावर मुलाला घेऊन जाण्याचा अधिकार कोणाला, यावर फाटकापाशी वाद होतो आणि शिपायाला आदेशाची छायाप्रत दाखवली जाते, जी वाचून त्याने काय करायचे हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. हजेरीचा दाखला मागण्यामागे मुलाच्या हजेरीची काळजी कमी आणि पुढच्या तारखेची तयारी अधिक असते. मुले हे सारे ओळखतात. दोन्ही घरी वेगवेगळा गणवेश आणि वेगळी पुस्तके ठेवणारे समजूतदार पालकही मी पाहिले आहेत. त्यांचा खर्च वाढतो, पण मुलाला दप्तराविषयी खुलासे करत बसावे लागत नाही.

आता खावटी. मुलाच्या पोटगीसाठी आपल्याकडे एकच असा कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ आहे, १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याचे कलम २० आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, आणि सर्व धर्मीयांसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. लोक अजूनही एकशेपंचवीसच म्हणतात. या कलमाखाली मिळणाऱ्या रकमेला केंद्रीय कायद्यात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, आणि ती २००१ पर्यंत टिकली. म्हणजे उदारीकरण होऊन दहा वर्षे झाली, खासगी शाळांची फी हजारांत गेली, तरी केंद्राच्या कायद्याच्या लेखी त्या कलमाखाली मुलाचा महिन्याचा खर्च पाचशेच्या वर जात नव्हता. २००१ च्या दुरुस्तीने मर्यादा गेली आणि अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, खावटीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा अशी तरतूद आली. त्या साठ दिवसांवर कोणी विसंबून राहत नाही.

रक्कम किती, याचे ठरलेले कोष्टक नाही. पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० आणि २०१७ च्या निकालांमुळे वकिलांच्या तोंडी बसला आहे, पण तो पत्नीच्या पोटगीसंबंधीचा आहे आणि बंधनकारक सूत्र म्हणून दिलेला नाही. मुलांच्या खर्चाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या एका निकालाचे तत्त्व मला अधिक उपयोगी वाटते: आई कमावती असेल तर मुलांचा खर्च दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात उचलावा. त्या खटल्यात बापाचे उत्पन्न आईच्या सुमारे दुप्पट होते, म्हणून वाटा दोनास एक असा पडला. आज नोकरी करणाऱ्या आयांची संख्या पाहता हे तत्त्व रोज लागू व्हायला हवे. मात्र ते लागू करण्यासाठी दोघांचे खरे उत्पन्न कळावे लागते, आणि घोडे तिथेच पेंड खाते. पगारदाराची पगारपत्रिका मिळते; दुकानदाराचे, शेतीवाल्याचे, कमिशनवर काम करणाऱ्याचे उत्पन्न खावटीचा अर्ज दाखल होताच आश्चर्यकारक वेगाने आटते. अर्ज करणारी बाजूही कधी आपली नोकरी लपवते, हेही खरे आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेला आणि पुढे 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने देशभर उद्धृत होऊ लागलेला खटला या साऱ्याचे उदाहरण आहे. अंतरिम खावटीसाठीचा अर्ज २०१३ चा. कुटुंब न्यायालयाचा आदेश ऑगस्ट २०१५ चा: पत्नीला दरमहा १५,००० रुपये, आणि मुलासाठी आधी ५,००० व सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो २०१८ मध्ये कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. मुलगा तोवर सात वर्षांचा झाला होता, आणि हे सारे केवळ अंतरिम रकमेबाबत होते. मूळ अर्जाचा निर्णय कुटुंब न्यायालयाने त्यानंतर द्यायचा होता. या निकालाने देशभरासाठी काही नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे यांचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र द्यायचे, खावटी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची, आणि वेगवेगळ्या कायद्यांखाली मिळालेल्या रकमा एकमेकींत समायोजित करायच्या. प्रतिज्ञापत्राची सक्ती हा माझ्या मते गेल्या वीस वर्षांतील या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी बदल आहे. खोटे लिहिणारे खोटे लिहितातच, पण आता ते सही करून लिहितात.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. हप्ता थकला की वसुलीचा अर्ज करावा लागतो. दिवाणी आदेश असेल तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज. कलम १२५ खालील थकबाकीसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या मार्गाने वॉरंट निघत नाही, आणि ही मुदत माहीत नसल्यामुळे अनेकींचे पैसे बुडतात. वॉरंट निघाल्यावरही पैसे न भरणाऱ्याला एका महिन्यापर्यंत तुरुंगात ठेवता येते. तुरुंगात राहिल्याने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. व्यवहारात असे घडते की वॉरंट निघाले की दोन हप्ते भरले जातात, पुढची तारीख पडते आणि पुन्हा सहा महिने काही येत नाही. दर वेळी नवा अर्ज, नवा वकीलपत्राचा खर्च आणि कामावर एक दिवसाचा खाडा. पाच हजारांच्या हप्त्यासाठी हे किती वेळा करायचे, याचा हिशेब ती बाई घालते आणि बहुतेकदा सोडून देते. बापाने खावटी दिली नाही अशी नोंद त्यानंतर कुठेच होत नाही.

भेट आणि खावटी या दोन गोष्टी कायद्याने एकमेकींपासून अलग ठेवल्या आहेत, आणि घरोघरी त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. भेटू देत नाही म्हणून पैसे देत नाही, असे बाप म्हणतो; पैसे देत नाही म्हणून भेटू देत नाही, असे आई म्हणते. दोघांनाही आपले म्हणणे न्याय्य वाटते. न्यायालयाचे उत्तर असे की खावटी मुलाची आहे, ती भेटीचे भाडे नाही, आणि भेटही मुलाच्याच हिताची आहे, ती थकबाकीपोटी अडवून ठेवण्याची वस्तू नाही. मला बापांच्या तक्रारीत तथ्य दिसते. भेटीच्या आदेशाचा भंग झाला तर त्यावर उपाय म्हणजे पुन्हा एक अर्ज, आणि तो निकाली लागेपर्यंत मूल अनोळखी होते. पण या तक्रारीच्या आधारे खावटी बंद करणारा बाप मुलाच्या वह्या-पुस्तकांच्या पैशांनी आईशी भांडत असतो, हेही म्हणायला हवे.

सहमतीच्या घटस्फोटात परिस्थिती बरी असते. सहा महिन्यांचा थांबण्याचा काळ माफ करता येतो हे २०१७ मध्ये ठरल्यापासून अशी प्रकरणे लवकर संपतात. घाईघाईत लिहिलेल्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींत, मुलाचा मजकूर मात्र सर्वांत तोकडा असतो. एकरकमी पोटगीची रक्कम, दागिन्यांची यादी, फ्लॅटच्या हप्त्याची जबाबदारी हे सारे तपशिलाने येते आणि मुलासाठी 'दरमहा अमुक रुपये' एवढीच ओळ असते. मूल तीन वर्षांचे असताना ठरलेली रक्कम ते तेराव्या वर्षी क्लास लावेल तेव्हा काय कामाची? परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून मागता येते, पण त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. दरवर्षी ठरावीक टक्के वाढ, शाळेची फी थेट शाळेत भरणे, आजारपणाच्या खर्चातला वाटा, अठराव्या वर्षानंतरच्या शिक्षणाची तरतूद, हे चार मुद्दे लिहून घेतले तर पुढची दहा वर्षे सोपी जातात. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलाची खावटी सुटत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याच्या अगदी उलट व्यवस्थेचा अनुभव येतो. तेथे १९७५ पासून केंद्र व राज्यांची मिळून वसुली यंत्रणा आहे. खावटी मालकाने पगारातून परस्पर कापून पाठवायची असते, आणि थकवल्यास वाहनपरवाना रोखला जाऊ शकतो. तरीही त्यांच्या जनगणना खात्याच्या अहवालानुसार २०१७ मध्ये खावटी देय असलेल्या पालकांपैकी सुमारे ४६ टक्क्यांनाच ती पूर्ण मिळाली. आकडा लाजिरवाणा आहे, पण तो त्यांना माहीत आहे आणि त्यावर तेथे वाद होतो. या कुटुंबांची दुसरी अडचण मूल भारतात घेऊन येण्याची. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील आणखी एका निकालापासून परदेशी न्यायालयाचा आदेश हा आपल्या न्यायालयांपुढे अनेक मुद्द्यांपैकी एक ठरतो. मारहाणीतून सुटून माहेरी परतलेल्या आईला हे संरक्षण वाटते. मुलाचा चेहरा पडद्यावरच पाहणाऱ्या बापाला तो अन्याय वाटतो. सरसकट सही करावी असे मला वाटत नाही, पण अशी प्रकरणे वर्षानुवर्षे रखडू न देण्याची काही व्यवस्था हवी.

आपल्याकडे निदान मोजण्यासाठी नवा कायदा लागत नाही. न्यायालयांची माहिती आता संगणकावर आहे. प्रलंबित खटल्यांचे जिल्हावार आकडे कोणालाही घरबसल्या पाहता येतात. त्याच माहितीतून दरवर्षी, जिल्हावार, मुलांच्या खावटीचे आदेश किती झाले, त्यांपैकी किती प्रकरणांत वर्षभरात वसुलीचा अर्ज आला आणि त्या अर्जांवर किती रक्कम जमा झाली, एवढे तीन आकडे काढता येतील. भेटीच्या आदेशांबाबतही भंगाचे अर्ज मोजता येतील. हे आकडे अपुरेच असतील, कारण थकून अर्ज न करणाऱ्या आया आणि बाप त्यांत येणार नाहीत. तरी पुण्यासारख्या एखाद्या जिल्ह्याने ते एक वर्ष प्रसिद्ध केले, तर घटस्फोटांच्या बातमीत छापायला निदान मुलांविषयीचा एक आकडा मिळेल.